जुनं व्हर्जन राहू द्या

माझं शिक्षण चौथीपर्यंत. मी कॉम्प्युटरबद्दल लिहितोय म्हटल्यावर कुणी हसेल. हसू द्या. आमच्या घरातलं सगळ्यात मोठं भांडण कॉम्प्युटरवरून झालं आणि ते मीच लावलं होतं, तर लिहायचंही मीच.

ही, म्हणजे माझी बायको, जाऊन तेव्हा पाच महिने झाले होते.

शिरूरला मार्केट यार्डाच्या रस्त्याला आमचं टायपिंगचं दुकान होतं. आमचं म्हणजे हिचं. आधी टाइपरायटर होता, नव्वदनंतर कधीतरी हिनं कॉम्प्युटर घेतला. अर्ज, हँडबिलं, जयंतीची पत्रकं, लग्नाच्या साध्या पत्रिका, माणूस गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाची कार्डं, सगळं ती लावायची. मी यार्डात हमाल होतो. कांद्याच्या गोण्यांची थप्पी मीच कच्ची लावली, ती मीच अंगावर घेतली, आणि त्यात डाव्या हाताची दोन बोटं कायमची ताठ झाली. हमाली सुटली. मग हिच्या दुकानात कटरवर बसलो.

कटर म्हणजे हँडलचं लोखंडी पातं. एका मोठ्या कागदावर ही एकच मजकूर शेजारी-शेजारी दोनदा लावायची, मध्ये मोकळा गाळा. तीस-चाळीस कागदांची चळत मधोमध लावून डाव्या हातानं दाबायची, उजव्यानं हँडल ओढायचं, एकाची दोन झाली. दहा वर्षं कापलं. एकही काम परत आलं नाही. मला दुसरं काही येत नव्हतं, पण हे येत होतं. ही खुर्चीवरून एवढंच म्हणायची, "अहो, डावा गठ्ठा येगळा, उजवा येगळा. मिसळू नका." मी म्हणायचो, दोन्ही सारखेच की. ती म्हणायची, "असू द्या. मला तसंच लागतं." बायकांना एकेक खोड असते असं समजून मी तसं करायचो.

ती गेल्यावर सून खुर्चीवर बसली. बारावी झालेली, कॉम्प्युटरचा कोर्स केलेली, हात भलताच चलाख. मुलगा कंपनीत शिफ्टला, त्यामुळे दुकान तिच्यावर आणि माझ्यावर. मला घरात बसवत नव्हतं. बसलो की पाय आपोआप उठायचे. घोडनदीच्या पुलापर्यंत जायचं, माघारी यायचं, पुन्हा जायचं. लोक विचारायचे, कुठं निघाला आबा? काय सांगणार. एका कटरपाशी तेवढा मी तासभर एका जागी राहायचो.

मग सुनेनं मजकूर लावायच्या प्रोग्रामचं नवं व्हर्जन टाकलं. गिऱ्हाइकं पुण्याहून सीडीवर मजकूर आणायची, तो जुन्यात उघडायचा नाही, म्हणून. मी जेवायला गेलो होतो तेवढ्यात टाकलं. परत आलो तर स्क्रीनचा रंगच बदललेला. हिच्या फायली उघडल्या तर अक्षरं इकडची तिकडं, काही ठिकाणी नुसते चौकोन.

"जुनं कुठं गेलं?" मी विचारलं.

"हे टाकल्यावर ते गेलं आबा. काळजी करू नका, मी सगळं नव्यात परत लावते."

आणि लावलंही तिनं. खोटं कशाला बोलू, दिसायला हिच्यापेक्षा देखणं लावलं. बारीक नक्षीची चौकट, अक्षर ठसठशीत. पहिलं काम न्हावऱ्याच्या एका माणसाचं होतं, त्याच्या वडिलांच्या पुण्यानुमोदनाची कार्डं. मी कापली. तो दुसऱ्या दिवशी एसटीनं परत आला आणि कार्ड टेबलावर ठेवलं.

"काय आबा, आमच्या बापाला तीनच बाजूंनी चौकट?"

बघितलं तर एका बाजूची चौकट पात्याखाली साफ गेलेली. गठ्ठा चाळला. निम्मी कार्डं तशीच. सुनेनं परत छापली, मी परत कापली, परत तेच. तिसऱ्यांदा तिनं ती स्वतः कात्रीनं एकेक कापली. मी समोर बसून बघत होतो. तेवढी वाईट दुपार माझी दवाखान्यातसुद्धा गेली नाही.

तो माणूस गेल्यावर ती म्हणाली, "आबा, कटिंग आपण प्रेसवाल्याकडं देऊ. तुमच्या हाताला उगं तरास."

"माझ्या हाताला काय झालंय? दहा वर्सं कापतोय. तुझ्या नव्या व्हर्जनची चूक हाय."

"व्हर्जन कापत न्हाई आबा. तुम्ही कापता."

मी हातातली चळत तिच्या अंगावर नाही, पण भिंतीवर फेकली. बाहेर गेलो. पुलापर्यंत चाललो, पलीकडं गेलो, माघारी आलो. कटर गेला तर मी दुकानात कशाला येणार? आणि दुकानात यायचं नाही तर दिवसभर करायचं काय? हिचं कपाट बघत बसायचं? संध्याकाळी मी सुनेला सांगितलं, जुनं व्हर्जन परत टाक, त्यात छाप, मी कापून दाखवतो. एक कार्ड बिघडलं तर कटर भंगारात घाल.

"जुन्याची सीडीच न्हाई माझ्याकडं. कुठनं टाकू?"

ज्या माणसाकडून हिनं कॉम्प्युटर घेतला तो पूर्वी शिरूरला टायपिंग शिकवायचा. आम्ही त्याला मास्तर म्हणायचो. पन्नाशीचा असेल. क्लास बंद करून तो खुटबावला आपल्या गावी शेती बघायला गेला होता. फोन करा म्हणाली सून. मला फोनवर बोलायला जमत नाही, समोर माणूस नसला की मी नुसता ओरडतो. सकाळची पहिली एसटी धरली. न्हावऱ्याला चहा घेतला, तो अर्धा टाकून पुन्हा गाडीत. चौफुल्याला उतरून सहाआसनी रिक्षा. गाडी भरल्याशिवाय ड्रायव्हर सोडेना. मी तीनदा खाली उतरलो, तीनदा वर बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "आबा, तुमच्या चढण्या-उतरण्यानंच गाडी पंक्चर व्हायची."

मास्तर शेवंतीच्या वाफ्यात होता. मला बघून पाइप टाकून आला.

"जयभीम मामा! असं अचानक? मामी गेल्याचं कळलं, पण मला यायला—"

"जयभीम. ते राहू द्या. जुनं व्हर्जन गेलंय मशीनमधलं. परत टाकता का तेवढं सांगा."

तो हसला. नाराज झाला नाही. म्हणाला, "मामा, जुनं आन् नवं, दोन्ही एका मशीनवर राहतं. नवं टाकताना ते इचारतं, जुनं काढू का ठिवू. लोकं न वाचता पुढं-पुढं दाबत जात्यात. तुमच्या सूनबाईनी तेच केलं असंल."

"तर मग चला."

"आत्ता? जेवा तरी."

"जेवान घरी."

जुन्या व्हर्जनची सीडी आणि मराठी अक्षरांच्या फ्लॉप्या त्यानं पत्र्याच्या डब्यात सांभाळून ठेवल्या होत्या. डबा मी मांडीवर घेतला आणि त्याच्या मोटरसायकलवर मागं बसलो. पारगावच्या पुलावर तो मान वळवून म्हणाला, "मामीचं काम लय बारीक होतं बघा." मी म्हटलं, पुढं बघून गाडी चालवा.

दुकानात सून हाताची घडी घालून उभी राहिली. मास्तरनं आधी नवं काढलं. मग जुनं टाकलं. मग एकेक फ्लॉपी घालून अक्षरं टाकली. त्यानंतर परत नवं टाकायला घेतलं, आणि मध्येच थांबून सुनेला जवळ बोलावलं. "हे वाच ताई. जुनं ठिवायचं का. हितं खूण करायची, मग पुढं." क्रम असाच लागतो म्हणाला. जुनं आधी, नवं नंतर. उलटं केलं तर दोघांत भांडण लागतं.

"दोन-दोन ठिवल्यावर मशीन जड व्हईल," सून म्हणाली.

"व्हईल थोडं. एकातनं दुसऱ्यात गेलं की पहिल्यांदा दोन मिनटं थांबावं लागंल."

"थांबंल की ती," मी म्हटलं. "घाई कुणाला हाय?" आणि हे म्हणताना मी दारातून कटरपर्यंत विसाव्यांदा फेरी मारत होतो.

मास्तरनं हिची एक फाइल जुन्यात उघडली. गेल्या वर्षीचं जयंतीचं पत्रक. आलं. जसंच्या तसं आलं, चौकोन नाही, सरकलेलं नाही. वीस कागद छापले. मी चळत ठोकून घेतली, कटरवर ठेवली, दाबली, ओढलं. उघडून बघितलं. चारी बाजूंनी चौकट शाबूत.

"बघ!" मी सुनेला म्हटलं. इतक्या मोठ्यानं, की शेजारचा झेरॉक्सवाला डोकावून गेला.

मग नव्यातलं तिचं कार्ड छापलं. तेही कापलं. एका बाजूची चौकट गेली.

"आता बोल. हात तोच, कटर तोच."

सुनेनं बाजूला राहिलेले दोन न कापलेले कागद उचलले, एक हिचा, एक तिचा. आपला कागद मधोमध दुमडला. घडी बरोबर गाळ्यात बसली. मग हिचा दुमडला. घडी गाळ्यात नव्हती. घडीपासून गाळा दोन सूत बाजूला होता. दोन सूत म्हणजे पाव इंच, करंगळीच्या नखाएवढं.

"आबा," ती हळू म्हणाली, "आत्याचा गाळा मधोमध न्हाईच. मला वाटलं जुन्या व्हर्जनमुळं सरकलाय. म्हणून मी नव्यात नीट केला."

मास्तरनं हिची दुसरी फाइल उघडली. तिसरी. दहावी. पत्रिका, कार्डं, शाळेची प्रमाणपत्रं. सगळ्यांत गाळा दोन सूत सरकलेला, त्याच बाजूला. "ह्यो आकडा हातानं भरलाय मामा. चुकून एकदा व्हईल, सगळीकडं कसा व्हईल?" मग म्हणाला, "जरा कोरे कागद कापून दाखवा."

मी कोरी चळत घेतली. मधोमध लावली, दाबली, ओढलं. दोन्ही गठ्ठे एकावर एक ठेवले. एक गठ्ठा दुसऱ्यापेक्षा मोठा. ताठ बोटांखालून कागद सरकत होते. हँडल ओढलं की सरकायचे, दरवेळी तेवढेच, आणि मला हाताला कळतच नव्हतं. डावे-उजवे गठ्ठे मिसळू नका, ते यासाठी. मिसळले असते तर लहान-मोठे कागद गिऱ्हाइकाच्या नजरेला आले असते. आणि माझ्याही.

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.

मला रडू आलं नाही, राग आला. दहा वर्षं. सांगायचं की. तोंड नव्हतं का तुला? माझा हात वाकडा आहे हे शिरूरमध्ये एकाच माणसाला ठाऊक होतं आणि ते माणूस रोज दुपारी माझ्यासमोर बसून माझ्याच डब्यातली भाकरी खात होतं. मी गावभर सांगायचो, माझं एक काम परत येत नाही म्हणून. ती तेव्हा शेजारी असायची. ऐकायची. आता भांडायला गेलो तर भांडू कुणाशी?

मी कटरपाशी तसाच बसून होतो. सून पाणी घेऊन आली.

"आबा, नव्यात पन तेवढाच आकडा टाकते मी. काय अवघड न्हाई."

"नको."

"का?"

"तुझं बरोबर हाय. बरोबर हाय ते वाकडं करायचं न्हाई. मीच बघतो."

यार्डातून जुनं पाच किलोचं लोखंडी माप आणलं. ताठ बोटांनी दाबायच्या ऐवजी ते चळतीवर ठेवायचं. ठेवून कापलं. कागद हलला नाही. चौकट चारी बाजूंनी राहिली. एका दुपारीत झालं. दहा वर्षांपूर्वी ही एक शब्द बोलली असती तर तेव्हाही एका दुपारीतच झालं असतं. पण तेव्हा बोटं नुकती गेली होती आणि मी घरात माणसाला माणूस म्हणत नव्हतो. ते तिला ठाऊक होतं.

निघताना मास्तर सुनेला म्हणाला, "चूक घावली. आता जुनं काढून टाकू का? मशीन मोकळं व्हईल."

जुनं मागायला माझ्याकडं कारणच उरलं नव्हतं. भांडण मी हरलो होतो.

"राहू द्या," सून म्हणाली. "आत्याच्या फायली नव्यात सरकत्यात."

तेव्हापासून दोन्ही राहिली. शाळेची प्रमाणपत्रं आणि नेहमीच्या गिऱ्हाइकांची कामं जुन्यात, बाकी नव्यात. सून कागद देताना सांगायची, "आबा, जुन्यातला हाय." मग मी माप काढून ठेवायचो, ताठ बोटांनी दाबायचो, आणि कागद सरकायचा तेवढा सरकू द्यायचो. पातं गाळ्यात पडायचं.

पण जुन्यातली कामं कमी होत गेली. काही दिवस एकही नसायचं. मी सकाळपासून विचारत राहायचो, जुन्यातलं काय हाय का? न्हाई आबा. थोड्या वेळानं परत. न्हाई हो आबा. मग माझी दार ते कटर फेरी सुरू व्हायची.

एकदा दुपारी गिऱ्हाईक नव्हतं. प्रिंटर चालू झाला. सुनेनं दहा-बारा पाठकोरे कागद माझ्यापुढं ठेवले. "आबा, जुन्यातला हाय."

मला अक्षर लावून-लावून वाचावं लागतं. पण आकडे लगेच कळतात.

"पोरी, ही तारीख कवाच गेली. हे कुणालाच नकोय."

"ठाऊक हाय," ती कीबोर्डवरून मान न उचलता म्हणाली. "कापा तुम्ही."

मी माप कटरवरून उचलून खाली ठेवलं.