हिराजी आणि पाच गॅलन पेट्रोल

मी एकदा डिझेलच्या बसमध्ये पेट्रोल घालायला लावलं होतं. चुकून नव्हे. पंपावरच्या माणसाशी हुज्जत घालून आणि वर त्यालाच रसायनशास्त्र शिकवून. तेव्हा मी बावीस वर्षांची होते, ठाण्यातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते आणि बी. एस्सी. ही पदवी जगात मला एकटीलाच मिळाली आहे अशा तोऱ्यात चालत होते. ती मुलगी आज रस्त्यात भेटली तर तिच्या अंबाड्यातली शेवंती उपटून मी म्हणेन, "अगं शहाणे, आधी इंजिन बघ, मग तोंड उघड."

ते इंजिन ज्याच्या ताब्यात होतं तो हिराजी, आमच्या शाळेच्या बसचा ड्रायव्हर. खाडीकाठच्या गावातला, सावळा, किडकिडीत, दुसऱ्या महायुद्धात लष्कराच्या गाड्या चालवून आलेला. पंपावर गाडी लागली की पहिला थेंब तो तळहातावर घ्यायचा, चोळायचा, हुंगायचा, फुंकर मारायचा. मग ते पेट्रोल कुणा दुसऱ्याच्या गाडीत चाललेलं असलं तरी! पेट्रोल चोख असेल तर तळहात गार पडून लगेच कोरडा व्हायचा. मागे तेलकटपणा राहिला की हिराजी सुरू. "यात रॉकेल कालवलंय. तुझ्या मालकाला सांग, हिराजीचं नाक अजून जित्तं हाय." पंपावरचे लोक त्याला शिव्या देत आणि माल मात्र त्याच्यासमोर चोख काढत.

एकूण मनुष्यजातीबद्दलच त्याला फारसा आदर नव्हता, मोटारमालकांबद्दल तर मुळीच नव्हता. त्या सुमारास पेट्रोल दोन दर्जांचं मिळू लागलं होतं, साधं आणि महाग. आमच्या नौपाड्यातल्या मंडळींनी त्यातही लगेच प्रतिष्ठा शोधून काढली. एक डॉक्टर आपल्या युद्धाआधीच्या खटाऱ्यात महागच घालायचे, आणि चार लोक बघताहेत ना याची खात्री करून घालायचे. एक वकील नव्या कोऱ्या गाडीत काटकसर म्हणून साधं घालायचे. हिराजीनं दोघांनाही सोडलं नाही. डॉक्टरांना म्हणाला, "साहेब, दात पडलेल्या म्हाताऱ्याला ऊस सोलून देताय. चावणार कशानं?" वकिलांची गाडी चढावर टणटण वाजू लागली तेव्हा तर त्यानं भर रस्त्यात शिकवणीच घेतली. "पेट्रोलचा गुण म्हंजे धीर. ठिणगी पडंपर्यंत गप बसायचं. तुमचं नवं इंजिन लई जोरात दाबतं, अन् हे हलकं पेट्रोल घाबरून आधीच पेटतं. त्याचा हा आवाज. मालकाचा दर्जा बघून पेट्रोल नाय घ्यायचं साहेब, इंजिन काय मागतंय ते बघायचं."

आणि डिझेल? तेही त्यानं मला सांगितलं होतं, शाळेच्या पायरीवर बसून, मी न विचारता. "डिझेलचं समदं उलटं, बाई. तिथं ठिणगीच नाय. दाबलं की पेटायचं, हाच त्याचा गुण. धीर धरणारं तिथं काय कामाचं?"

मी हसले होते. ड्रायव्हरनं मला विज्ञान सांगावं! माझ्या वर्गात तर भिंतीवर छापील तक्ता होता. जमिनीतलं तेल तापवलं की सगळ्यात वर पेट्रोल, त्याखाली रॉकेल, त्याखाली डिझेल आणि तळाशी डांबर. आता मी कुठल्या घरातली? पाहुण्याचं आडनाव ऐकून त्याला चहा कपात द्यायचा की वेगळ्या ठेवलेल्या पेल्यात, हे जिथे ठरायचं त्या घरातली. तो तक्ता मी आमच्या घरच्या पद्धतीनंच वाचला. वर असेल ते थोर, खाली असेल ते हलकं. उकळण्याचा क्रम आणि सोवळ्याचा क्रम यांत फरक असतो हे मला विद्यापीठानं शिकवलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

आमची बस म्हणजे कल्याणच्या लष्करी छावणीतून लिलावात घेतलेला ट्रक, वर पत्र्याचा टप ठोकलेला. तिचं मूळ पेट्रोलचं इंजिन फार पितं म्हणून दिवाळीच्या सुट्टीत तिला डिझेलचं बसवलं होतं. तेव्हापासून ती काळा धूर सोडायची आणि मागच्या बाकावरच्या मुलींना मळमळायचं. डिसेंबरात कल्याणच्या एका शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. बारा मुली, इस्त्रीचे पांढरे गणवेश, आणि त्यांच्यावर देखरेखीला मी. खोपटजवळच्या पंपावर हिराजीनं गाडी लावली आणि रेडिएटरला पाणी आणायला डबा घेऊन मागच्या विहिरीवर गेला. मी टुणकन खाली उतरले.

"पाच गॅलन पेट्रोल घाला."

पंपवाला गोंधळला. "बाई, हिराजी तर हल्ली डिझेल घेतो."

"हिराजी घेत असेल. आज मी सांगतेय."

"पण इंजिन डिझेलचं ना?"

"डिझेल म्हणजे पेट्रोलच्या खालचा गाळ. जे गाळावर चालतं ते शुद्ध तेलावर आणखी चांगलं चालेल. एवढं साधं आहे. मी मुलींना हेच शिकवते."

"तुम्ही शिकलेल्या," तो म्हणाला आणि त्यानं नळी उचलली. यात माझी स्तुती नव्हती हे कळायला मला बरीच वर्षं लागली. हिराजी परतला तेव्हा टाकीचं झाकण लागलेलं होतं. त्यानं डब्यातलं पाणी ओतलं, त्याला वाचता न येणाऱ्या इंग्रजी पावतीवर एका हातानं सही ठोकली आणि गाडी सुरू केली.

दीड मैल आम्ही छान गेलो. मी खिडकीतून मागे धूर किती कमी झालाय ते बघत होते आणि मनातल्या मनात बढाया मारत होते. मग आतून कुणी हातोडीनं घागरी फोडाव्यात तसा आवाज सुरू झाला. बसनं तीन आचके दिले आणि ती उभी राहिली. हिराजीनं उतरून झाकण काढलं, आत दोरी सोडली, हातावर थेंब घेतला आणि हुंगला. मग माझ्याकडे बघितलं.

"पोरींना घेऊन ठेसनावर जावा, बाई," एवढंच म्हणाला.

आम्ही कल्याणला पोचलो तेव्हा तिथे बक्षिसं वाटून झाली होती.

शनिवारी शाळेच्या मंडळाची सभा बसली. डिझेल पुढे ढकलणारा इंजिनाचा पंप कामातून गेला होता आणि कुणाला तरी जबाबदार धरायचं होतं. चिटणीस म्हणजे एक निवृत्त मामलेदार. आयुष्यात त्यांनी सायकलसुद्धा चालवली नव्हती. हातात हिराजीच्या सहीची ती पावती घेऊन ते हिराजीला विचारू लागले. मी मुलींबरोबर गेलेली शिक्षिका म्हणून कोपऱ्यातल्या खुर्चीत होते. हिराजी दाराशी उभा होता. त्याला बसा म्हणायचं कुणाला सुचलं नाही, मलाही नाही.

"डिझेलच्या गाडीला पेट्रोल कशाला घेतलंस रे? काढून विकायला?"

"विकायचं असतं तर टाकीत कशाला घातलं असतं?"

"उलट बोलतोस?"

"इचारलंत म्हून बोललो."

"या लोकांच्या हाती आपल्या मुली द्यायच्या म्हणजे!" अध्यक्ष हळहळले. मग प्यायला असेल, मग पंपवाल्याशी साटंलोटं असेल, मग पूर्वीही असंच करत असेल. एकेकजण आपापली अक्कल त्यात ओतत होता. पंपवाल्याला बोलावून विचारावं, एवढं एकाच्याही डोक्यात आलं नाही. चोर ठरून निघालेल्या ड्रायव्हरला ठाण्यात पुन्हा कुणी गाडीला हात लावू देणार नव्हतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. हिराजीनं माझं नाव घेतलं नाही. मी पदराच्या किनारीवरचे मोर मोजत होते. सव्वीस होते.

चिटणीस जेव्हा ठरावात "चोरीच्या संशयावरून" कामावरून काढावं असं लिहायला सांगू लागले, तेव्हा कुठे मी उठले. "पेट्रोल मी घालायला लावलं. हिराजी तिथे नव्हता."

आणि एकदम हशा! "अहो बाई, आणि तुम्ही रसायनशास्त्राच्या ना?" अध्यक्षांना ठसका लागला. "तरुण आहात, होतं असं कधी कधी." पाच मिनिटांपूर्वी जी चोरी होती ती माझ्या हाताला लागताच गंमत झाली. ठराव खोडला गेला. नुकसान अपघातात जमा झालं. कुणीतरी माझ्यासाठी चहा मागवला. हिराजीला चिटणीस म्हणाले, "जा तू. यापुढे लक्ष ठेव."

तो चहा मी प्यायले. हेही सांगून टाकते.

मग आवारात बसपाशी गेले. मला वाटलं होतं, तो म्हणेल, बाई, तुमच्यामुळं वाचलो. त्यासाठी मी चेहरासुद्धा तयार केला होता. हिराजी पुढे दहा वर्षं आमच्याकडे होता. मला इंजिन उघडून दाखवलं, माझ्याकडून तो तक्ता नीट वाचून घेतला, माझ्या लग्नात दोन पापलेटं घेऊन आला आणि माझ्या सासूबाईंना घेरी आणली. पण त्या प्रकाराबद्दल तो बोलला ते फक्त त्या दुपारी. तो इंजिनात पाना घालून वाकलेला होता. मी म्हटलं, "हिराजी, झालं ते झालं. माझी चूक झाली. माझ्यावर रागावू नका."

त्यानं हात पुसले आणि म्हणाला, "चूक केलीत त्याचा राग नाय, बाई. चूक हिराजीचीच असणार असं त्या लोकांनी धरलं, तवा तुमाला घटकाभर बरं वाटलं. मी दारातून बघत होतो. राग त्याचा हाय."