मावसाजींच्या संगणकातले प्रवासी

गोंदिया जिल्ह्यात आजवर जेवढे म्हणून व्हायरस उतरले, त्यांतला प्रत्येक जण एकदा तरी माझ्या मावसाजींच्या संगणकात मुक्काम करून गेला आहे, हे मी छातीठोकपणे सांगतो. गोंदियात माझं संगणकदुरुस्तीचं दुकान आहे, तेव्हा हे अधिकाराने बोलतोय.

मावसाजी म्हणजे देवरीच्या मावशीचे यजमान. सारी नोकरी त्यांनी बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली. जंगलातून एखादा हात वर झालेला दिसला, की घंटी मारल्याशिवाय त्यांना राहवत नसे. निवृत्तीनंतर संगणक घेतला आणि तिथेही हीच रीत सुरू केली. पडद्यावर चौकट उगवून 'येऊ का?' म्हणाली, की हे 'होय' दाबणार. फुकटचं घड्याळ, फुकटचं पंचांग, संगणक साफ करून देणारा कोणी अनोळखी परोपकारी, सगळ्यांना जागा. मी ओरडलो तर म्हणाले, "बाबू, हात देऊन राहिला तो. गाडी काऊन नाही थांबवाची?" नकार त्यांनी एकालाच दिला, ब्राउझरच्या अपडेटला. खरं तर तेवढं एकच घ्यायला हवं होतं. पण ती पाटी आली की न चुकता 'नंतर'. कारण विचारलं तर, "तो स्टाफचा माणूस होय. स्टाफनं उभं राहावं, पासिंजरले बसू द्यावं." त्या जुन्या ब्राउझरला इतकी भोकं पडली होती, की काही पानं नुसती उघडली तरी चोर आत येत. मावसाजींना हे पटेना. "मी घंटीच नाही मारली, तर चढला कसा?"

"मागचं दार उघडं होतं, मावसाजी."

हे मात्र त्यांना लगेच पटलं. मागच्या दाराने चढणाऱ्यांशी त्यांचं जुनं वैर होतं.

हे सारं मी हसण्यावारी नेत असे. दर दिवाळीला देवरीला जायचं, पाहुणे हाकलायचे, मावशीच्या हातचं जेवून परतायचं. पण त्या संगणकात एक खरा ऐवज होता. दरेकशापासून चोरखमाऱ्यापर्यंत गावोगावच्या म्हाताऱ्या बायांकडून मावसाजींनी धान रोवतानाची गाणी टिपून आणली होती. चाळीस बाया, चाळीस गाणी, सगळी एका बोटाने टाइप केलेली. टाइप झालं की वही चुलीत, कारण कागदाला वाळवी लागते म्हणत. दुसरी प्रत काढून देतो, असं मी दोनदा म्हटलं आणि दोनदा पेनड्राइव्ह विसरलो.

मग पुस्तक देखणं दिसावं म्हणून त्यांनी कुठूनसा फुकटचा मराठी फाँट उतरवला. तो निघाला ट्रोजन. सगळ्या फायलींना कुलूप आणि पडद्यावर खंडणीची चिठ्ठी. दोन दिवस खटपट करून मी हात टेकले. ट्रोजन म्हणजे काय ते समजावू लागलो, तर मावसाजीच म्हणाले, "करगा होय हा. रोवताना धानासारखाच दिसते. लोंबी निघते तवा समजते, का हा रानातला होय." इतकी नेमकी व्याख्या मला अख्ख्या धंद्यात कोणी सांगितली नव्हती.

"गाणी गेली, मावसाजी," मी म्हटलं. मला रडू यायचंच बाकी होतं.

"गेली कायले? बाया आहेत ना गावात," ते म्हणाले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पिशवी घेऊन बसस्टँडवर उभे राहिले.

वर्षभर फिरले. गेल्या महिन्यात नवी फाइल मला पाठवली. एकतीस गाणी होती. बाकी नऊ पानांवर नुसतं बाईचं नाव आणि गाव, खाली सगळं कोरं. त्या बाया मधल्या काळात वारल्या होत्या.

"ही पानं काढून टाकू का?" मी फोनवर विचारलं.

"राहू दे, बाबू. नाव तरी वाचतील लोक."

त्या फाइलच्या तीन प्रती मी आता तीन ठिकाणी ठेवल्या आहेत. त्या नऊ बाया जिवंत होत्या तेव्हा जुन्या फाइलची एक जरी प्रत ठेवली असती, तरी पुरे होतं.