प्रेमराजभाऊंच्या किल्ल्यावरच्या तोफा

ज्योत्स्ना, लिही गं. तुझ्या प्रेमराज आजोबांचं लिही. माझे धाकटे दीर. सगळा जलम त्यांनी भडगाव-धुळे एसटी चालवली. मागे घंटी मारायला तोताराम कंडक्टर, धुळ्याचा. दोघं रिटायर झाले, पण त्यांचं भांडण काही रिटायर झालं नाही. आता टेबलावर लढाई लढतात. हसतेस काय, खरंच! फासे टाकायचे, आणि दान पडेल तसं कोणाचं जहाज बुडतं, कोणाची भिंत पडते.

भाऊंनी समुद्रातला किल्ला केला, अडीचशे-तीनशे वर्षांमागं असायचे तसा. कागदाचा लगदा, मेथीचं पीठ, वरून गेरू. आपल्या गिरणेला उन्हाळ्यात घोट्याइतकंही पाणी नसतं, आणि भाऊंचा किल्ला समुद्रात! तोताराम जहाजं आणायचा डब्यात, पोळ्यांसारखी फडक्यात गुंडाळून.

नियम असा, की टेबलावर दिसेल तीच तोफ उडणार. आणि किल्ल्यावर तोफच नव्हती. चहाला उकळी फुटायच्या आत किल्ला पडला. तोताराम म्हणाला, "पोळानंतरना रविवारे परत येसू. तवय बी पडना, ते किल्ला उचलीसन धुळाले लई जासू. शोकेसमा ठेवसू!" परत हरलो तर किल्ला तुझा, असं भाऊ रागारागात कबूल करून बसले.

फोनवरून तोफा मागवल्या. आल्या त्या रानातल्या लढाईच्या, बैलगाडीसारखी मोठाली चाकं. झरोक्यात ठेवली की तोंड भिंतीच्या वर. भाऊंना हव्या होत्या जहाजावरच्या, बुटक्या, खाली चार बारकी चाकं. समुद्रातल्या किल्ल्यावर तसल्याच असायच्या म्हणे. जळगावची खेळण्यांची दुकानं झाली, धुळ्याचा आग्रा रोड पालथा घातला. एकानं टिकल्यांचं पिस्तूल पुढं केलं.

"नातवासाठी का, आबा?"

"नाही बाप्पा, माझ्याचसाठी."

तो दुकानदार अजून हसत असेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी मी ओट्यावर चिंच लावून शेंब्या घासत होते. बैलाच्या शिंगांच्या टोकांवर चढवतो ना आपण पितळी टोप्या, त्या. आधी घरात चार बैल होते, आता दोनच, म्हणून शेंब्या डबाभर. भाऊंनी एक उचलली, उन्हात फिरवली. एका बाजूनं रुंद, पुढं निमुळती, अंगावर गोल गोल कडी, टोकाला गोळी.

"वैनी, हाई तर तोफ शे!"

"ती लाल्या बैलनी शेंबी शे. ठेवा खाले."

"माले द्या ना. थोड्याश्या कापसू..."

"कापानं नाव काढू नका. पोळा झाया का लई जा, जश्या शेत तश्या."

पोळा झाला, शेंब्या जशाच्या तशा भाऊंना दिल्या. भाऊंनी लाकडाचे ठोकळे केले, शर्टाची बटणं चाकं म्हणून चिकटवली, वर शेंब्या ठेवल्या. रुंद तोंड बाहेर, भोक तिकडंच ना! रविवारी तोताराम आला, चष्मा कपाळावर चढवून वाकला.

"हाई तोफ शे का वरातना कर्णा? मागे बारीक, पुढे फाकेल! हाई चालाव नही."

आणि किल्ला कुठून धरला म्हणजे मोडणार नाही, तेच चाचपायला लागला मेला! भाऊंचा चेहरा एवढुसा झाला.

मी बाजूला बट्टीची कणीक मळत होते. भाऊंनी एकदम माझ्या परातीत हात घातला, गोळा तोडला, शेंबीच्या रुंद तोंडात दाबून बसवला आणि शेंबी उलटी फिरवली. आता मागं जाड, पुढं निमुळती, तोंडाशी ती बारकी गोळी. अगदी जहाजावरची! मी म्हटलं, "अहो, माझी कणीक!" पण ऐकतो कोण, बाकीच्या शेंब्याही तशाच भरल्या.

तोताराम खो खो हसत सुटला. "प्रेमराज, तुनी तोफना तोंडमा गोळा अडकना!"

"तो गोळा आते सुटी जाई. टाक फासा!"

एवढं हसल्यावर तोताराम त्या तोफांना नाही कसं म्हणणार? खेळ लागला. पहिल्याच दानाला दरवाज्याकडची भिंत गेली. मग शेंब्या अशा बोलल्या, की तोतारामचं सगळ्यात मोठं जहाज आडवं झालं. बाकीची त्यानं गुपचूप फडक्यात गुंडाळली. किल्ला घरातच राहिला.

मग तोताराम जेवायला बसला. बट्टी कुस्करली, मी तूप सोडलं. मग हळूच म्हणाला, "वैनी, डबामा आजून एखादी जोडी शे का? मना जहाजले?"

"पहिले बैल पाळा, तोतारामभाऊ," मी म्हटलं, आणि वरण वाढलं.