किचन झालं, घर अडकलं

मंडळी, आज सकाळी वकिलाकडे जाऊन आले. पैसे मिळाले नाहीत असं सांगून किचन करणाऱ्या कॉन्ट्रॅक्टरने आमच्या पार्सिपनीच्या घरावर लिएन, म्हणजे बोजा, चढवला आहे. तो बोजा उतरेपर्यंत घर विकता येत नाही, आणि ह्यांची नोकरी दुसऱ्या राज्यात, कॅरीला सुरू झाली आहे.

पैसे सगळे दिले होते, रोख. वकिलाने पावती मागितली. ती नाही. कॉन्ट्रॅक्टर मराठी मुलगा, गणपतीत आमच्याकडे आरतीला येणारा. त्याच्याकडे सही कशी मागायची?

दुपारी त्याला फोन केला. म्हणाला, “काकू, मनाला लावून घेऊ नका. बोजा घरावर आहे, तुमच्यावर नाही.”

मी ‘बरं’ म्हणून फोन ठेवला. रागही आला नाही. त्याने केलेल्या ओट्यावर चहा टाकला. ओटा चांगला झालाय.

तुम्ही आपल्या माणसाकडे पावती मागता का? मागताना नेमकं काय म्हणता, तेवढं लिहा.