चौदावा दिवस

हसाल तर हसा, पण मधे बोलू नका, नाहीतर माझ्याच्याने पुढे सांगवणार नाही.

मी ऐरोलीच्या शाळेत दहावीला विज्ञान शिकवते. लग्नाला चार वर्षं झालेली, मूल हवं होतं आणि होत नव्हतं. साताऱ्याहून दर रविवारी सासूबाईंचा फोन. विचारायच्या काहीच नाहीत, नुसता सुस्कारा टाकायच्या. तो मला बुधवारपर्यंत पुरायचा.

मग मीच हिशोब मांडला. पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजायचं, चौदाव्या दिवशी अंडमोचन, म्हणजे स्त्रीबीज बाहेर पडणार. फळ्यावर हजारदा काढलेली आकृती, मला कोण शिकवणार?

नवरा महेश उरणला कंटेनर यार्डात, शिफ्टची नोकरी. त्याला बजावलं, बारा ते चौदा काहीही करून घरी. बिचाऱ्याने सुपरवायझरसमोर कधी पोट दुखवलं, कधी मावशी आजारी पाडली. चौदावा सरला की मीच म्हणायचे, आता घे आठवडाभर खुशाल नाइट.

असे दहा महिने. दर वेळी पाळी आली की मी बाथरूममध्ये नळ सोडून रडायचे. दोष माझ्यातच आहे, हे मनाशी पक्कं झालं होतं.

शेवटी खारघरला एका डॉक्टरबाईंकडे गेलो. मी तारखांची वही पुढे ठेवली. त्यांनी विचारलं, पाळी किती दिवसांनी येते? म्हटलं, पस्तीस. अगदी नियमित.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग चौदावा कुठून आणलात? स्त्रीबीज पुढच्या पाळीच्या साधारण चौदा दिवस आधी बाहेर पडतं. तुमचा दिवस एकविसाव्याच्या आसपास. चौदावा अठ्ठावीसवाल्यांचा."

महेश हळूच म्हणाला, "म्हणजे मी नाइटला असायचो तेव्हा."



दुसऱ्या दिवशी वर्गात गेले आणि सगळं नव्याने समजावलं. बीज बाहेर पडण्याआधीचा काळ कुणाचा लांब, कुणाचा आखूड. नंतरचाच काय तो जवळपास ठरलेला. निदान पोरींचं तरी भलं होईल, म्हणून जरा हलकं वाटलं.

तेवढ्यात दिघ्याहून येणारी सायली उभी राहिली. सहामाहीचे पेपर मी नुकतेच वाटले होते.

"मॅडम, मी हेच लिहिलं होतं. ताईला नर्सनी सांगितलेलं. तुम्ही दोन मार्क कापलेत."

पेपर हातात घेतला. उत्तरावर लाल फुली, आणि खाली माझ्याच सुवाच्य अक्षरात शेरा: 'स्वतःचं डोकं चालवू नये.'