तारेवरची चादर

रेडिओसाठी गच्चीवर टाकीपासून जिन्यापर्यंत तांब्याची तार ताणली. दूरदेशीची केंद्रं पकडायचा माझा जुना नाद. काय ऐकलं ते लिहून कळवलं, की त्या केंद्राचं रंगीत कार्ड पोस्टाने यायचं. अशी खोकाभर कार्डं आहेत. त्यातली बहुतेक केंद्रं कधीच बंद पडली, हे ठाऊक असूनही तार बांधली.

सकाळभर नुसती खरखर. वर जाऊन पाहतो तर शेजारच्या काकू तारेवर ओली चादर वाळत घालून उभ्या.

"आमची दोरी तुटली हो. म्हटलं, तुमची आहेच की."

"काकू, ही दोरी नाही, अँटेना आहे!" मी खेकसलोच. मनातून मात्र हुरूप आला. म्हणजे दोष चादरीचा होता तर!

चादर त्यांच्या हातात देऊन धावत खाली आलो. काटा या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला. तीच खरखर.

चादर होती तोवर, पलीकडे कुणीतरी बोलत असेल असं वाटायला जागा होती.

पुन्हा वर गेलो. काकू चादर घेऊन तशाच उभ्या होत्या. "लागलं का काही?"

मी चादर घेतली, तारेवर पसरली आणि दोन्ही टोकांना चिमटे लावले.