नानांची लहान बडगी

नानांच्या घरून वहिनींचा फोन आला तेव्हा मी दाढी करत होतो. "भाऊजी, नाना गेले," त्या म्हणाल्या. "झोपेतच गेले... डॉक्टर म्हणतात, हृदय बंद पडलं." मी अर्ध्या दाढीनिशी तसाच खुर्चीत बसलो आणि खरं सांगतो, मनात पहिला विचार आला तो हा, की म्हणजे पोटाने नाही गेले. सगळा जन्म आम्ही त्यांच्या पोटाला भ्यालो. वहिनी, डॉक्टरबाई, आम्ही कंपनीतले मित्र, सगळे त्या पोटावर डोळा ठेवून होतो, आणि ज्या हृदयाकडे कुणी ढुंकून पाहिलं नाही त्याने डाव साधला. नाना असते तर म्हणाले असते, "पाहिलंत? पोट निर्दोष सुटलं." जळगावहून धुळ्याला जाईपर्यंत एसटीत मला मधूनच रडू येत होतं आणि मधूनच हसू. शेजारच्या बाईंनी शेवटी जागा बदलली.

नरडाण्याला आमची कंपनी होती. नाना तिथे स्टोअर सांभाळायचे, मी वजनकाट्यावर. जेवणाच्या सुट्टीत जुनं वर्तमानपत्र पसरायचं, सगळ्यांनी डबे उघडायचे आणि ज्याला जे आवडेल त्यात त्याने हात घालायचा, अशी आमची रीत. नाना नवे आले त्या दिवशी त्यांच्या डब्यात निघालं काय, तर गुरगुट्या भात, साल काढून उकडलेला दुधी आणि एक पिकलेलं केळं. शेजारी शेवभाजीवर बोटभर लाल तवंग. आमचा दगाभाऊ, फिटर, बोलायला मोकळा, तो म्हणाला, "काय नाना, उपास शे का?" नाना शांतपणे म्हणाले, "नही भो. मना आतडास्ले सूज शे." मग त्यांनी सरळ सांगितलं, की मोठ्या आतड्याला आतून जखमा होतात, हा रोग जात नाही, फक्त शांत होतो, आणि आपलं काम त्याला शांत ठेवण्याचं. झालं. आमच्यातला प्रत्येक जण वैद्य झाला. कुणी बेलाचा मुरंबा सांगितला, कुणी बकरीचं दूध, कुणाला सातपुड्याच्या पायथ्याचा एक जडीबुटीवाला ठाऊक होता. नानांनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "निकाल राखून ठेवतो." वडिलांच्या जमिनीच्या दाव्यापायी धुळ्याच्या कोर्टात त्यांच्या चपला झिजल्या होत्या, तेव्हापासून ही भाषा त्यांच्या तोंडी बसली होती.

आमच्या खान्देशात पाहुण्याने पानात काही टाकलं किंवा वाढू दिलं नाही, तर यजमानाचं तोंड उतरतं. आग्रह हाच आमचा मान. आणि नाना तर प्रत्येक लग्नाला, प्रत्येक बारशाला हजर. पिशवीत आपला डबा घेऊन यायचे, पंगतीत बसायचे, पानावर चमचाभर साधा भात मागून घ्यायचे आणि डबा उघडायचे. एका बारशाला यजमानांनी त्यांच्यासाठी आतल्या खोलीत टेबल-खुर्ची मांडून ठेवली होती. मनात वाईट काही नव्हतं, उलट काळजीच होती. नाना आत गेले, टेबलाकडे पाहिलं, डबा काखेत मारला आणि बाहेर पंगतीपाशी येऊन उभे राहिले. "सरका रे भो, माले बी बसू द्या." आम्ही सरकलो. परतताना मी म्हटलं, नाना, आत निवांत जेवला असता की. ते म्हणाले, "माझ्या आज्याला गावाने कधी पंगतीत बसू दिलं नाही. सगळ्यांचं उरकलं की लांबून वाढायचे. माझ्या बापाने धम्म घेतला आणि ताठ मानेने सगळ्यांच्या रांगेत बसला. आता मी काय पोटापायी उठून वेगळा बसू?" त्यानंतर त्यांचा डबा पाहून मी कधी थट्टा केली नाही. दगाभाऊने केली, पण ती नानांनाच आवडायची.

एकदा मात्र नाना फसले. बरेच महिने पोट शहाण्यासारखं वागत होतं, म्हणून कुणाला न सांगता त्यांनी गोळ्या बंद केल्या. बरं वाटतंय तर कशाला, हा आपल्याकडचा नेहमीचा हिशेब. त्याच हिवाळ्यात जामनेरच्या रस्त्याला माझ्या भावाच्या शेतात भरीत पार्टी होती. कपाशीच्या काड्यांच्या जाळावर हिरवी वांगी भाजलेली, बडगीत, म्हणजे आमच्या त्या लाकडी भांड्यात, मिरच्या-लसणासकट ठेचलेली, सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि कांद्याची कच्ची पात. नाना पोटभर जेवले. असं जेवताना मी त्यांना प्रथमच पाहिलं, आणि खोटं कशाला बोलू, फार बरं वाटलं. पुढच्या आठवड्यात ते धुळ्याला दवाखान्यात होते, रक्त जात होतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, "नाना, पाऊस उघडला म्हणून कुणी घरावरचे पत्रे काढतं का?" नाना म्हणाले, "गुन्हा कबूल."

मग त्यांच्यापुढे पर्याय ठेवले गेले. पहिल्या औषधाने सूज झटकन उतरायची, पण चेहरा फुगायचा, साखर वाढायची, आणि नानांसारखा माणूस वहिनींवर खेकसायचा. त्यावर कायम राहणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या गोळीने शरीराचा आतला भडका आवरायचा, पण ती हळूहळू लागू पडणार, रक्ताची तपासणी चुकवायची नाही, आणि साधा ताप आला तरी अंगावर काढायचा नाही. तेही जमलं नाही तर शस्त्रक्रिया. नानांनी सगळं नीट ऐकलं आणि एकच विचारलं, "बाई, कोणत्या औषधावर मला पंगतीत बसता येईल?" बाई हसल्या. मग खुर्ची पुढे ओढून त्यांनी त्या दुसऱ्या गोळीचे फायदे-धोके पुन्हा पहिल्यापासून समजावले. नानांनी तीच घेतली. त्यानंतर गोळी चुकली नाही. भर लग्नात ती तळहातावर घेऊन वाढप्याला सांगायचे, "आधी हिच्यासाठी पाणी."

जेवणाची चौकशी मात्र त्यांनी स्वतः चालवली. पोट शांत असलं की एका वेळी एकच पदार्थ, तोही थोडा, आणि मग दोन-तीन दिवस वाट पाहायची. "आज मेथीची तारीख शे," म्हणायचे. मेथी दोषी ठरली. कच्चा कांदा सराईत गुन्हेगार. रावेरची केळी पहिल्यापासून निर्दोष. ताक जामिनावर. वांग्याचा खटला फार लांबला, आणि शेवटी असं निघालं की साल काढलेलं, कोवळं, बिनबियांचं वांगं त्यांच्या पोटाला चालतं. त्यांची कीर्ती ऐकून तसाच आजार असलेले लोक घरी यायचे. नाना त्यांना चहा पाजायचे आणि सांगायचे, "माझा निकाल तुमच्या पोटाला लागू नाही. आपल्या डॉक्टरला विचारा, आणि गोळी सोडू नका."

वांगं निर्दोष सुटलं त्या हिवाळ्यात वहिनी शेतावर एक लहान बडगी घेऊन आल्या, सुताराकडून मुद्दाम करून घेतलेली. त्यात निवडक वांगी, मीठ, जिरं, तुपात परतलेला लसूण. मिरचीचं नाव नाही. दगाभाऊने त्याला "आजारी भरीत" नाव ठेवलं. नाना आमच्या रांगेत बसले, पानावर भरीत होतं, आणि घास घेताना त्यांचा चेहरा... तो मला सांगता येणार नाही. एवढंच, की मी त्या माणसावर फार प्रेम केलं. पुढे दर हिवाळ्यात दोन बडग्या निघू लागल्या, एक आमची, एक नानांची. वहिनी वाढायच्या आणि मागाहून जेवायच्या. "तू बी बस ना," असं नाना दर वर्षी म्हणायचे, आणि त्या दर वर्षी "तुमचं होऊ द्या" म्हणायच्या. या एका खटल्यात नाना कायम हरले.

यंदा पार्टी करावी की नाही, असा प्रश्न होता. वहिनीच म्हणाल्या, करा. नानांच्या मागचा पुण्यानुमोदनाचा विधी होऊन थोडेच आठवडे झाले होते. त्या आल्या, आणि पिशवीतून लहान बडगी निघाली. आम्ही सगळे आता निवृत्त. कुणाला पित्त, कुणाला मूळव्याध, दगाभाऊच्या तर पोटात व्रण निघालेला. मोठ्या बडगीभोवती आम्ही वर्षानुवर्षांच्या मर्दुमकीने बसलो, आणि थोड्या वेळाने पाहतो तर दगाभाऊ लहान बडगी बोटाने पुसत होता. मोठी अर्धीअधिक तशीच. "आजारी भरीत कसं आहे?" मी विचारलं. "गप बस," तो म्हणाला, "थोडं आणखी ठेचायला सांग."

वहिनी हसत हसत उठल्या, दोन वांगी सोलली, ठेचली, आणि भरलेली बडगी घेऊन आल्या. रांगेत माझ्या शेजारी एक जागा रिकामी होती. आम्ही ठरवून ठेवली नव्हती, सवयीने राहिली होती. वहिनींनी बडगी खाली ठेवली, पदर खोचला आणि वाढायला वाकण्याऐवजी तशाच उभ्या राहिल्या.

"सरका रे भो," त्या म्हणाल्या, "माले बी बसू द्या."